ताश्कंदला चाललीयेस ना, मग ऐक

अगं, तिकिटं काढलीस हे फार बरं केलंस. पण टूरवाल्याने पाठवलेला तो कार्यक्रम वाचला आणि म्हटलं, हिला फोनवर तुटक-तुटक सांगण्यापेक्षा सगळं बैजवार लिहूनच पाठवावं. पहिल्या दिवशी दुपारी उतरायचं, संध्याकाळी 'गाला डिनर', दुसऱ्या दिवशी सकाळी बसमधून 'सिटी टूर' आणि दुपारच्या गाडीने समरकंद. म्हणजे ताश्कंद तू काचेतून बघणार, आणि परत आल्यावर सांगणार की रस्ते रुंद आहेत, कारंजी पुष्कळ आहेत, बाकी काही खास नाही. सगळे हेच सांगतात. समरकंदच्या रेगिस्तान चौकापुढे ताश्कंद फिकं पडणारच, ते मी नाकारत नाही. पण त्या शहराला कुणी धड दोन वेळच्या जेवणाइतकाही वेळ देत नाही आणि मग नावं ठेवतात.

माझं ऐकशील तर तिथे तीन दिवस राहा. आणि दिवसाची आखणी इमारतींवरून करू नकोस, खाण्यावरून कर. तिथे कुठला पदार्थ कुठल्या प्रहरी खायचा हे ठरलेलं असतं. तो प्रहर चुकला की पदार्थ तरी संपलेला असतो, नाहीतर पर्यटकांसाठी गरम करून ठेवलेला असतो. इमारती काही कुठे जात नाहीत.

सगळ्यात आधी ओश. ओश म्हणजे त्यांचा पुलाव, रशियनमध्ये प्लोव. हे दुपारचं जेवण आहे, हे पक्कं लक्षात ठेव. टीव्ही टॉवरच्या पायथ्याजवळ ओशचं एक मोठं केंद्र आहे, टॅक्सीवाल्याला 'प्लोव सेंटर' म्हटलं की पुरे. तिथे अकरा-साडेअकरापर्यंत पोच, एकच्या पुढे तर मुळीच जाऊ नकोस. आधी आत शिरून टेबल पकडू नकोस, बाहेर कढया मांडलेल्या असतात तिथे जाऊन उभी राहा. कझान म्हणतात त्या कढईला, आणि आत माणूस बसेल एवढी ती असते. सरकीचं तेल आणि दुंब्याच्या शेपटीची चरबी एकत्र तापवायची, त्यात मांस आणि कांदा परतायचा, मग गाजर. गाजर तांदळाच्या बरोबरीने असतं आणि ते किसत नाहीत, लांब लांब सळ्या हाताने चिरतात. लग्नघरी आदल्या संध्याकाळी शेजारीपाजारी जमून गाजरं चिरतात, तो एक वेगळा सोहळाच असतो. पिवळी गाजरं आणि केशरी गाजरं दोन्ही मिसळतात. मसाला म्हणशील तर जिरं, एवढंच. ना हळद, ना गरम मसाला. तांदूळ वरून पसरायचा आणि नंतर ढवळायचं नाही, झाकून दमावर शिजू द्यायचा. ताश्कंदचा लग्नातला ओश असेल तर त्यात काबुली चणे आणि बेदाणेही पडतात.

पहिला घास घेतल्यावर तुला वाटेल, हे तर अळणी आहे. असं पटकन ठरवू नकोस. आपली जीभ तिखटाला सोकावलेली असते, तिला दोन-चार घास द्यावे लागतात. मग गाजराचा गोडवा कळायला लागतो, चरबीत भिजलेलं, मोकळं शितन् शीत कळतं. सोबत आचिचुक घेच घे. टोमॅटो आणि कांदा कागदासारखा पातळ चिरलेला, वरून थोडं मीठ-मिरची. त्याच्याशिवाय ओश जड पडतो. आणि त्यावर गार पाणी किंवा कोला नको. चरबी पोटात थिजते म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. चहा घ्यायचा. उरलेला उझबेकिस्तान हिरव्या चहाचा, पण ताश्कंदची माणसं काळा चहा पितात, अर्थातच दूध न घालता. यजमान पियोल्यात, म्हणजे वाटीसारख्या पेल्यात, चहा ओततो, परत किटलीत ओततो, असं तीनदा करतो आणि मग देतो. पियोला अर्धाच भरून दिला तर कंजूष म्हणू नकोस. अर्धा देणं हा मान आहे, म्हणजे तू पुन्हा पुन्हा मागावास आणि त्याने पुन्हा पुन्हा द्यावा.

हॉलमध्ये मात्र गडबड आपल्या लग्नातल्या तिसऱ्या पंगतीसारखी असते. कोण कुठे बसलंय याचा पत्ता नाही, वाढपी पळताहेत, आणि तरी दहा मिनिटांत ताट समोर. उझबेकांची ओशची परंपरा २०१६ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात घेतली. पण तिथे जेवणाऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर वारसा वगैरे काही दिसत नाही, भूक दिसते. मला ते फार आवडलं.

एक गोष्ट जावईबापूंना आधीच सांगून ठेव. ताटावर लाव्याच्या अंड्यांशेजारी गडद रंगाच्या गोल चकत्या असतात. ती कझी, घोड्याच्या मांसाची. नको असेल तर वाढायच्या आधी सांगायचं. 'नोरिन' नावाचा बारीक चिरलेल्या शेवयांचा पदार्थ ताश्कंदची खासियत आहे, त्यातही तेच मांस. खाऊन बघायचं असेल तर जरूर बघा, फक्त ताटात काय आहे ते माहीत असू दे.

आता तुझा खरा घोर. सासूबाई. त्या माळकरी, आणि तू त्यांना घेऊन मांसाहाराच्या माहेरघरी चाललीयेस. घाबरू नकोस, पण गाफीलही राहू नकोस. तिथे 'मांस नको' म्हटलं की भला माणूस ओशमधले तुकडे बाजूला काढून तेच ताट पुढे करतो, अगदी प्रेमाने. त्याच्या दृष्टीने ते शाकाहारी झालं. चरबी, रस्सा हे त्याच्या हिशेबातच नसतं. भोपळ्याचा सोम्सा मिळतो, तंदूरच्या आतल्या भिंतीला चिकटवून भाजलेला, फार छान लागतो, पण त्यातही पुष्कळदा चरबीचा खडा घालतात. म्हणून विचारल्याशिवाय त्यांच्या हाती काही देऊ नकोस. 'गोश्त येमायमन', मी मांस खात नाही, हे वाक्य पाठ कर, आणि फोनमध्ये 'मांस, चरबी, मांसाचा रस्सा, यातलं काहीच चालत नाही' असं उझबेक आणि रशियन दोन्हींत लिहून ठेव.

त्यांचं पोट भरेल ते रोटीवर. नोन म्हणतात. गोल, जाड कडांची, मध्ये दाबलेली, आणि त्या दाबलेल्या भागावर ठशाने काढलेली नक्षी. ठसा केवळ शोभेचा नसतो, त्याच्या खिळ्यांनी पीठ टोचलं जातं म्हणून मधला भाग फुगत नाही. साधी 'ओबी नोन' घ्यायची, पाणी-मीठ-खमिराची. 'पतीर' दिसली तर थांबायचं, तिच्यात चरबी असू शकते. ओबी नोन, ताजा सुझमा, म्हणजे आपला चक्काच, वर टोमॅटो-काकडी आणि तू नेलेली शेंगदाण्याची चटणी. मी स्वतः सामिष खाणारी, पण सांगते, सकाळी आठ वाजता तंदूरमधून काढलेल्या नोनबरोबर हे खाल्लं तर दुपारच्या ओशची आठवण उशिराच होते. फळांचं तर विचारूच नकोस. जूनमध्ये चेरी आणि जर्दाळू, ऑगस्टमध्ये खरबुजं, ऑक्टोबरला डाळिंबं. तुम्ही सप्टेंबरअखेर जाताय, म्हणजे द्राक्षं आणि खरबुजं दोन्ही मिळतील, आणि उन्हाचा तडाखाही ओसरलेला असेल. जुलैत चाळीस अंशांत फिरवणाऱ्यांच्या टूर निघतात, त्यांना काय म्हणावं!

नोनबद्दल एक रीत आहे. ती पालथी ठेवत नाहीत, जमिनीवर ठेवत नाहीत, आणि सुरीने कापण्यापेक्षा हाताने तोडून सगळ्यांपुढे मांडतात. सासूबाईंना हे लगेच पटेल.

ही खरेदी चोरसू बाजारात कर. जुन्या शहराच्या तोंडाशी मोठा निळा घुमट दिसेल, तेच. सकाळी लवकर जा. घुमटाखाली तळमजल्यावर मांसाचे गाळे आहेत, तिथून सासूबाईंना भरभर पुढे काढ आणि जिन्याने वर ने. वर सुकामेवा. अक्रोड, पिस्ते, जर्दाळूच्या खारवलेल्या बिया, आणि नवात, म्हणजे मोठमोठ्या स्फटिकांची खडीसाखर. दह्याच्या सुकवलेल्या पांढऱ्या गोळ्या दिसतील, तो कुरुत. खारट-आंबट, दगडासारखा कडक. चाखायला एक फुकट देतात, पाव किलो घेण्याआधी चाख हो. भाव करायचा, पण हसत. विकणारी बाई वयाने मोठी असेल तर 'ओपा' म्हण, पुरुष असेल तर 'अका', छातीवर हात ठेवून 'रहमत' म्हण. एवढ्यावर भाव उतरो न उतरो, मूठभर बेदाणे तरी जास्त पडतात. सोमच्या नोटांवरची शून्यं बघून गांगरू नकोस. एका रुपयाचे शंभराहून बरेच अधिक सोम येतात, त्यामुळे साधा चहासुद्धा हजारांत असतो.

जेवण झाल्यावर, डोळे जड झाल्यावर काय करायचं? मेट्रोत जायचं. मी गंमत करत नाहीये. ताश्कंदची मेट्रो १९७७ ची, मध्य आशियातली पहिली, आणि दुपारी तिच्याइतकं थंड आणि देखणं ठिकाण शहरात दुसरं नाही. अणुहल्ल्यात आसरा घेता यावा अशा हिशेबाने ती बांधली होती, म्हणून २०१८ पर्यंत आत फोटो काढायला बंदी होती. आता खुशाल काढ. अलिशेर नवाई स्थानकाचं छत मशिदीच्या घुमटांचं, निळं-पांढरं. कोस्मोनाव्तलार स्थानक अंतराळवीरांचं, भिंती वर जाताना निळ्यातून काळ्यात मिसळतात, आणि त्यांवर गोल चौकटींत गागारिन, तेरेश्कोवा आणि त्यांच्या पंक्तीला पंधराव्या शतकातला उलुगबेग, समरकंदला वेधशाळा बांधणारा राजा. हे स्थानक १९८४ मध्ये उघडलं, आपला राकेश शर्मा गेला त्याच वर्षी. पाख्ताकोर स्थानकावर भिंतभर कापसाची बोंडं आहेत, मोझेकची. सुंदरच आहेत. पण बघताना एवढं मनात असू दे की याच कापसाला पाणी पाजायला अमू आणि सीर या दोन नद्या वळवल्या आणि अरल समुद्र आटला. तिकीट अगदी थोड्या रुपयांत येतं. एकेक स्थानक उतर, बघ, पुढची गाडी पकड. सासूबाईंना बसायला बाकं आहेत, चढउताराला सरकते जिने आहेत, पण सगळीकडे नाहीत. त्यांच्या गुडघ्यांचा अंदाज घेऊन ठरव.

आता थोडं गंभीर. तू विचारशील, शहर इतकं रुंद, इतकं नवं का? जुनं गेलं कुठे? २६ एप्रिल १९६६ ला पहाटे शहराच्या ऐन पोटाखाली भूकंप झाला. फार मोठा नव्हता, पण केंद्र इतकं उथळ आणि घरं मातीच्या विटांची, त्यामुळे तीन लाखांच्या आसपास माणसं बेघर झाली. मग सगळ्या सोव्हिएत प्रजासत्ताकांतून कामगार आले आणि त्यांनी वस्त्याच्या वस्त्या उभ्या केल्या. आज ज्यांना आपण रटाळ चौकोनी इमारती म्हणतो त्या याच. त्यांच्या बिनखिडक्यांच्या बाजूच्या भिंतींवर मान वर करून बघत जा. झार्स्की बंधूंनी केलेली प्रचंड मोझेकची चित्रं आहेत, आणि टूरवाला एकही दाखवत नाही. भूकंपाचं स्मारकही आहे. दुभंगलेला दगडी ठोकळा, त्यावर थांबलेलं घड्याळ, आणि मागे बाळाला घेतलेल्या बाईला आडोसा देणारा पुरुष. तिथे नवी जोडपी फोटो काढायला येतात.

पण त्या वर्षाची ताश्कंदची पहिली बातमी आपल्या घराघरांत पोचली होती ती जानेवारीत. दहा तारखेला शास्त्रीजींनी आणि अयुब खानांनी करारावर सह्या केल्या, मध्यस्थ सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन. आणि अकराच्या पहाटे शास्त्रीजी तिथेच गेले. आपल्या शिष्टमंडळात संरक्षणमंत्री म्हणून यशवंतराव चव्हाणही होते. सासूबाईंच्या पिढीला 'ताश्कंद' हा शब्द याच बातमीने माहीत झाला. त्यामुळे बाकी काही राहिलं तरी चालेल, पण शास्त्रीजींच्या नावाचा रस्ता आणि तिथला पुतळा त्यांना दाखव. फार काही मोठं नाही, रस्त्याच्या कडेला आहे, फुलं मात्र जवळच्या बाजारातून आधीच घेऊन जा. त्यांच्या नावाची शाळा आहे तिथे, आणि त्या शाळेत उझबेक मुलं हिंदी शिकतात.

हजरत इमाम संकुल अर्ध्या सकाळीत होतं. तिसरे खलिफा उस्मान यांच्या नावाशी जोडलेलं, हरणाच्या कातड्यावरचं कुराण या शहराचं सर्वांत मोठं धन. तैमूरने ते या मुलखात आणलं अशी परंपरा सांगते, १८६९ मध्ये रशियनांनी ते सेंट पीटर्सबर्गला नेलं आणि १९२४ मध्ये ते ताश्कंदला परतलं. आत जाताना ओढणी बरोबर ठेव. मग मागच्या गल्लीत शिर, तिथे मातीच्या भिंतींचं जुनं ताश्कंद थोडं अजून शिल्लक आहे. दारं बंद, आत अंगण, भिंतीवरून डोकावणारा द्राक्षवेल. कुणी दार उघडून हसलं तर तूही हस. तैमूरचा घोड्यावरचा पुतळा बसमधून दिसला तरी पुरे आहे. नवाई नाट्यगृहात ऑपेरा किंवा बॅले लागला असेल तर मात्र सोडू नकोस, मुंबईतल्या नाटकाच्या तिकिटापेक्षाही स्वस्तात बसता येतं. ते बांधण्यात जपानी युद्धकैद्यांनी काम केलं, १९४७ मध्ये ते उघडलं, आणि भूकंपातही उभं राहिलं.

आता त्या 'गाला डिनर'बद्दल. हे आईला वाचून दाखवू नकोस. पैसे भरले असतील तर भरले, पण जाऊ नकोस. पनीर टिक्का, कानठळ्या बसवणारी हिंदी गाणी, नाचणाऱ्या मुली आणि मोबाईल उंच धरून उभे राहिलेले आपले बाप्ये. हा कार्यक्रम कुणासाठी रचलाय ते पहिल्या पाच मिनिटांत कळतं. मला राग येतो तो यासाठी की तिथल्या लोकांना आपल्याबद्दल जी माया आहे ती आपल्या सिनेमाने कमावलेली आहे. राज कपूरने, मिथुनने. १९८० चा 'अलीबाबा और ४० चोर' तर आपण आणि सोव्हिएतांनी मिळून काढला होता, धर्मेंद्र आणि हेमामालिनीचा. अजूनही टॅक्सीवाला अका 'हिंदिस्तान?' म्हणून वळून बघतो आणि चालवता चालवता गायला लागतो. ती पुंजी आपले हे ग्रुप दोन हातांनी उधळताहेत. त्या संध्याकाळी तुम्ही एखाद्या चायखान्यात जा, कोळशावरचा शशलिक सांगा, सासूबाईंना खरबूज आणि नोन. अंधार पडल्यावर बायका-मुलं घेऊन अख्खी कुटुंबं बाहेर पडतात. शहर बायकांना सुरक्षित वाटतं, मला तरी वाटलं. टॅक्सी मात्र यांडेक्सच्या अ‍ॅपवरूनच बोलाव, विमानतळाच्या दारातल्या दलालांकडे बघूसुद्धा नकोस.

दोन-तीन गोष्टी कागदावर लिहून घे. सासूबाईंच्या झोपेच्या गोळ्या! झोपेच्या, घबराटीवरच्या आणि ट्रॅमाडॉल-कोडीनसारख्या गोळ्यांबाबत तिथलं कस्टम फार कडक आहे. निघण्यापूर्वी नियम बघ, गोळ्या मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह ने, आणि उतरल्यावर जाहीर कर. ई-व्हिसाची छापील प्रत ठेव. हॉटेल जी नोंदणीची चिठ्ठी देतं ती परतीपर्यंत फेकू नकोस. नळाचं पाणी नको. आणि समरकंदच्या अफ्रोसियाब गाडीची तिकिटं मिळतील तितक्या लवकर काढ, दोन-सव्वादोन तासांत नेते म्हणून त्यांच्यावर उड्या पडतात.

माझ्यासाठी काय आणू विचारलं होतंस. चोरसूच्या आसपास अत्लस-अद्रास कापडाची दुकानं आहेत, तिथे भुलू नकोस, निम्मा माल नायलॉनचा असतो. खऱ्या अद्रासमध्ये ताणा रेशमी आणि बाणा सुती, हातात घेतलं की वजनाने कळतं. तेवढं बजेट तुझं नाही, आणि मला साडीही नको. मला नोनवर मारायचा तो लाकडी ठसा आण, चेकिच म्हणतात, खिळे नीट बसवलेले आहेत का ते बघून. आणि निळ्या रंगावर पांढऱ्या कापसाची नक्षी असलेले पियोले, सहा. पर्यटकांच्या दुकानातले नकोत, बाजारात भांडीवाल्याकडे मिळतात ते. सासूबाईंच्या पातळांत गुंडाळून बॅगेच्या मध्यभागी ठेव, वर सुकामेवा टाकू नकोस.